गर्भाशयमुखाचे कर्करोगपूर्व बदल आणि विषाणूच्या डी.एन.ए. चाचण्या : एक तौलनिक विचार

श्वेतप्रदर, कटिशूल, योनिकंडू, अनियमित रजःस्राव अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या स्त्रियांची संख्या आपणा प्रत्येकाच्या चिकित्सालयात मोठी असते. यांपैकी कितीतरी जणी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे कधीही गेलेल्या नसतात. गावातील वैद्य अथवा औषधालयाचा चालक हाच त्यांचा पहिला आणि पुष्कळदा शेवटचा सल्लागार असतो. योनिव्यापदांच्या निदानासाठी दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपल्या हाती आहे. परंतु गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वावस्था या तिन्ही परीक्षांना बहुधा दाद देत नाही. त्या अवस्थेत वेदना नसते, स्राव वाढलेला नसतो आणि नुसत्या डोळ्यांना गर्भाशयमुख निरोगी दिसू शकते. स्त्री स्वतःहून तक्रार करते तेव्हा ही पूर्वावस्था अनेकदा मागे पडलेली असते.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग नव्याने झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने मृत्यू पावल्या. उलटपक्षी, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयोगटातील केवळ १.९ टक्के स्त्रियांची या कर्करोगासाठी एकदा तरी तपासणी झाल्याचे आढळले. या दोन आकड्यांमधील दरी भरून काढण्यासाठी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजेच एच.पी.व्ही.च्या, डी.एन.ए. चाचण्यांकडे आज मोठ्या अपेक्षेने पाहिले जाते. बाजारात अशा चाचण्या अनेक आहेत. त्यांच्यातील फरक कोणता, त्यांच्या अहवालातून काय कळते आणि काय कळत नाही, याचा परामर्श घेण्याचा आमचा हेतू आहे.

रोगाची मंद गती

जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ मध्ये एच.पी.व्ही.-१६ आणि त्यापुढील वर्षी एच.पी.व्ही.-१८ हे प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून वेगळे करून दाखविले. या कार्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात असून त्यांपैकी सुमारे चौदा प्रकार कर्करोगाच्या दृष्टीने ‘अतिधोक्याचे’ म्हणून चाचण्यांत धरले जातात. जगातील या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांत केवळ १६ आणि १८ हे दोन प्रकार कारणीभूत असतात.

विषाणूची ‘ई-६’ आणि ‘ई-७’ ही जनुके पेशीवाढीवर अंकुश ठेवणाऱ्या प्रथिनांना निकामी करतात. मात्र संसर्ग झाला म्हणजे रोग झाला, असे मुळीच नाही. बहुतेक संसर्ग एक ते दोन वर्षांत शरीर स्वतःच परतवून लावते. जे संसर्ग टिकून राहतात त्यांतील काहींमधूनच पेशीस्तरात बदल घडतात. या बदलांच्या सी.आय.एन.-१, २ आणि ३ अशा पायऱ्या मानल्या आहेत. पहिली पायरी बहुधा आपोआप मागे फिरते. दुसरीतीलही निम्म्याच्या आसपास बदल दोन वर्षांत ओसरतात. तिसऱ्या पायरीचे तसे नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथील एका रुग्णालयात १९५५ ते १९७६ या काळात निदान झालेल्या काही स्त्रियांच्या सी.आय.एन.-३ वर पुरेसे उपचार न करता नुसते निरीक्षण ठेवण्यात आले होते. त्यांच्या नोंदींचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, तीस वर्षांत त्यांतील सुमारे ३१ टक्के स्त्रियांना आक्रमक कर्करोग झाला. ज्यांवर योग्य उपचार झाले त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते.

तात्पर्य, निदानाला अवधी मिळतो, परंतु तो अमर्याद नाही. चाचणीचे काम हा अवधी सत्कारणी लावण्याचे आहे.

विषाणू सापडणे आणि रोग सापडणे

चाचण्यांची तुलना करताना एक गल्लत वारंवार होते. ‘आमची चाचणी विषाणूच्या अत्यल्प प्रती देखील ओळखते’ अशी जाहिरात वाचून ती चाचणी श्रेष्ठ असे वाटू लागते. वस्तुतः आपल्याला विषाणू शोधायचा नसून विषाणूमुळे झालेला, उपचारास योग्य असा बदल शोधायचा आहे. चार दिवसांचा पाहुणा असलेला विषाणू ज्या चाचणीत अधिक सापडेल, ती चाचणी अधिक निरोगी स्त्रियांना घाबरवील आणि पुढील तपासण्यांच्या फेऱ्यांत अडकवील.

म्हणून कर्करोगपूर्व तपासणीच्या चाचणीचा ‘उंबरठा’ जाणूनबुजून काहीसा वर ठेवलेला असतो. २००९ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने यासाठी निकष ठरवून दिले. नव्या चाचणीची सी.आय.एन.-२ व त्यापुढील बदल ओळखण्याची संवेदनक्षमता प्रमाणभूत चाचणीच्या किमान ९० टक्के असावी, तिची विशिष्टता किमान ९८ टक्के असावी आणि तोच नमुना पुन्हा तपासल्यास तोच निकाल यावा, असे त्यांचे सार आहे. संवेदनक्षमतेपेक्षा विशिष्टतेची अट अधिक कडक आहे, हे लक्षणीय होय. बाजारात एच.पी.व्ही. तपासणीचे शेकडो संच आहेत. या निकषांवर पारखलेले मोजकेच आहेत.

प्रमुख चाचण्यांचा परिचय

(१) हायब्रिड कॅप्चर-२ : ही बराच काळ प्रमाणभूत मानली गेलेली चाचणी. यात विषाणूच्या डी.एन.ए.शी जुळणारे आर.एन.ए.चे शोधक धागे वापरतात. दोहोंची जोडी जमली की प्रतिपिंडे तिला पकडतात आणि प्रकाशाच्या तीव्रतेवरून निकाल ठरतो. येथे विषाणूच्या प्रती वाढविल्या जात नाहीत, फक्त संकेत वाढविला जातो. तेरा प्रकार एकत्रित तपासले जातात. त्यांतील नेमका कोणता आहे हे कळत नाही. नमुन्यात पुरेशा पेशी आल्या आहेत की नाहीत, हे पाहण्याची अंतर्गत सोय हिच्यात नाही. काही कमी धोक्याच्या प्रकारांशीही शोधक धागे जुळतात आणि उंबरठ्याच्या अगदी जवळचे निकाल पुन्हा तपासता बदलू शकतात. या मर्यादा मान्य करूनही, हिच्याइतका दीर्घ पाठपुरावा लाभलेल्या चाचण्या थोड्याच आहेत.

(२) कोबास : ही पी.सी.आर. पद्धतीची, म्हणजे विषाणूच्या डी.एन.ए.च्या प्रती वाढवून ओळखणारी चाचणी. चौदा प्रकारांपैकी १६ आणि १८ यांचा निकाल ती स्वतंत्रपणे देते, उरलेले बारा एकत्रित. मानवी जनुकाचीही त्याच वेळी तपासणी होत असल्याने नमुना अपुरा असल्यास ते उघडकीस येते. सत्तेचाळीस हजारांवर स्त्रियांच्या अभ्यासाच्या आधारे अमेरिकेत एप्रिल २०१४ मध्ये, पॅप स्मिअरशिवाय प्राथमिक तपासणीसाठी मान्यता मिळालेली ही पहिली एच.पी.व्ही. चाचणी होय.

(३) ऑनक्लॅरिटी : हीदेखील पी.सी.आर. पद्धतीचीच, परंतु ‘एल-१’ या आवरणाच्या जनुकाऐवजी ही ‘ई-६’ आणि ‘ई-७’ यांचा वेध घेते. विषाणूचा डी.एन.ए. पेशीच्या गुणसूत्रात शिरताना कधीकधी ‘एल-१’चा भाग गळून पडतो. अशा प्रसंगी ‘ई-६’ व ‘ई-७’ शोधणे सैद्धांतिक दृष्ट्या अधिक भरवशाचे ठरते. १६ आणि १८ खेरीज इतर अनेक प्रकारांचे निकालही ती वेगवेगळे देते.

(४) केअर एच.पी.व्ही. आणि एक्स्पर्ट : मोठ्या प्रयोगशाळेपासून दूर असलेल्या ठिकाणांचा विचार करून या तयार झाल्या. पहिली हायब्रिड कॅप्चरच्याच तत्त्वावरील सुलभ आवृत्ती असून साधारण अडीच तासांत निकाल देते. दुसरी क्षयरोगाच्या निदानामुळे आपल्या परिचयाच्या झालेल्या जीनएक्स्पर्ट यंत्रावर, बंद काडतुसात, सुमारे एका तासात होते. एक्स्पर्टमध्ये १६ हा प्रकार स्वतंत्र आणि १८ व ४५ ही जोडी स्वतंत्र कळते. ज्या दिवशी नमुना त्याच दिवशी निकाल, हा या चाचणीचा मोठा लाभ आहे. दुसऱ्या दिवशी बोलावलेल्या सर्वच स्त्रिया परत येत नाहीत, हे आपण जाणताच.

(५) ट्रूनॅट : गोव्यातील मोल्बायो कंपनीची, बॅटरीवर चालणाऱ्या लहान यंत्रावरील ही पी.सी.आर. चाचणी. तिचा मूळ संच १६, १८, ३१ आणि ४५ हे चार प्रकार पाहतो. नंतरच्या संचात आठ प्रकार आहेत. प्रकार कमी म्हणजे चाचणी हलकी, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. अधिक धोक्याचे सात-आठ प्रकार मिळूनच या कर्करोगाचे सुमारे नऊ दशांश रुग्ण होतात. उरलेले प्रकार चाचणीत धरल्यास रोग थोडा आणि निष्कारण काळजी फार पदरी पडते. चार प्रकारांच्या संचात मात्र काही रोग सुटण्याचा धोका अधिक राहतो. भारतीय बनावटीच्या पी.सी.आर. संचांची पडताळणी दिल्ली, नोएडा आणि मुंबई येथील राष्ट्रीय संस्थांत करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाले.

याखेरीज, डी.एन.ए.ऐवजी ‘ई-६’ व ‘ई-७’चा संदेशवाहक आर.एन.ए. तपासणारी अॅप्टिमा ही चाचणी आहे. तिची संवेदनक्षमता डी.एन.ए. चाचण्यांच्या जवळपास असून विशिष्टता किंचित अधिक आढळते.

एक हजार स्त्रियांचा हिशेब

टक्केवारीपेक्षा हिशेब लवकर समजतो. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या अहवालात, सी.आय.एन.-२ व त्यापुढील बदलांसाठी हायब्रिड कॅप्चर-२ ची संवेदनक्षमता ८९.९ टक्के आणि विशिष्टताही ८९.९ टक्के आढळली. पारंपरिक पॅप स्मिअरची संवेदनक्षमता ६२.५ टक्के, तर विशिष्टता ९६.६ टक्के भरली.

समजा, एक हजार स्त्रिया तपासल्या आणि त्यांतील वीसजणींना असा बदल आहे. डी.एन.ए. चाचणी त्यांतील अठरा ओळखील, दोन सुटतील. पॅप स्मिअर बारा-तेरा ओळखील, सात-आठ सुटतील. आता दुसरी बाजू पाहू. उरलेल्या ९८० निरोगी स्त्रियांपैकी डी.एन.ए. चाचणी सुमारे ९९ जणींना पॉझिटिव्ह ठरवील. पॅप स्मिअर सुमारे ३३ जणींना. म्हणजे डी.एन.ए. चाचणीत पॉझिटिव्ह आलेल्या शंभरजणींपैकी सुमारे पंच्याऐंशी जणींना उपचारयोग्य बदल नसतो. परंतु निगेटिव्ह आलेल्या हजारातून केवळ दोघींच्या बाबतीत चूक होते. या चाचणीचे खरे बळ तिच्या निगेटिव्ह निकालात आहे.

धाराशिव जिल्ह्याचा पुरावा

या विधानाचा सर्वांत भक्कम आधार महाराष्ट्रातूनच मिळालेला आहे. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात एक मोठा अभ्यास हाती घेतला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया, गावांचे ५२ समूह आणि चार गट अशी त्याची रचना होती. एका गटाची हायब्रिड कॅप्चर-२, दुसऱ्याची पॅप स्मिअर आणि तिसऱ्याची ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी, तीही एकदाच, करण्यात आली. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली. या चौथ्या गटाला तपासणी न देण्यावरून पुढे नैतिक वाद झाला, हेही येथे नोंदविले पाहिजे.

निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात पुढच्या अवस्थेतील कर्करोग डी.एन.ए. चाचणीच्या गटात ३९, तर तपासणी न झालेल्या गटात ८२ आढळले. मृत्यू अनुक्रमे ३४ आणि ६४ झाले. मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. पॅप स्मिअर आणि डोळ्यांनी पाहण्याच्या तपासणीच्या गटांत अशी लक्षणीय घट दिसली नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, निगेटिव्ह ठरलेल्या स्त्रियांत नंतर आक्रमक कर्करोग होण्याचे प्रमाण डी.एन.ए. चाचणीत लाखामागे ३.७, तर अन्य दोन तपासण्यांत १५.५ आणि १६.० होते. एकदाच चाचणी होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीसाठी कोणती चाचणी निवडावी, या प्रश्नाचे उत्तर यात आहे.

डोळ्यांनी पाहण्याच्या तपासणीला मात्र निरुपयोगी ठरवू नये. मुंबईतील वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ती केली, तेव्हा या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे टाटा मेमोरियलच्या अभ्यासात दिसले. ती पुन्हा पुन्हा करावी लागते, इतकेच.

जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२१ च्या मार्गदर्शनात डी.एन.ए. चाचणी हीच प्राथमिक तपासणी म्हणून सुचविली आहे. वयाच्या तिसाव्या वर्षापासून, दर पाच ते दहा वर्षांनी, असा तिचा क्रम आहे. एच.आय.व्ही. बाधित स्त्रियांसाठी पंचविसाव्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी. तिशीपूर्वी क्षणिक संसर्ग फार असल्याने सरसकट तपासणीतून हितापेक्षा त्रासच अधिक होतो.

स्वतः घेतलेला नमुना

परपुरुषासमोर, किंबहुना कोणासमोरही, तपासणीस न बसण्याचा संकोच हा आपल्याकडील मोठा अडथळा आहे. डी.एन.ए. चाचणीसाठी स्त्री स्वतःच मऊ ब्रशने किंवा कापसाच्या बोळ्याच्या काडीने योनिमार्गातून नमुना घेऊ शकते. पॅप स्मिअरमध्ये हे शक्य नाही. येथे चाचण्यांतील फरक निर्णायक ठरतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार, स्वतः घेतलेल्या नमुन्यावर पी.सी.आर. चाचण्या डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतक्याच संवेदनक्षम ठरतात. हायब्रिड कॅप्चरसारख्या संकेत वाढविणाऱ्या चाचण्यांची संवेदनक्षमता मात्र सुमारे १५ टक्क्यांनी कमी भरते. म्हणून नमुना स्वतः घ्यावयाचा असेल तर प्रमाणित पी.सी.आर. चाचणीचाच आग्रह धरावा.

अहवाल पॉझिटिव्ह आल्यावर

सर्व पॉझिटिव्ह अहवाल सारखे नसतात. अमेरिकेतील पोर्टलंड येथे वीस हजारांवर स्त्रियांच्या पाठपुराव्यात (२००५) सी.आय.एन.-३ अथवा त्यापुढील बदल दहा वर्षांत एच.पी.व्ही.-१६ असलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के, १८ असलेल्यांपैकी सुमारे १४ टक्के, तर इतर अतिधोक्याचे प्रकार असलेल्यांपैकी केवळ ३ टक्के स्त्रियांत आढळले. यासाठीच १६ आणि १८ स्वतंत्र सांगणाऱ्या चाचणीला अधिक मोल आहे. हे दोन प्रकार आढळल्यास कॉल्पोस्कोपीसाठी तत्काळ पाठवावे. इतर प्रकार असल्यास पॅप स्मिअर अथवा डोळ्यांनी पाहण्याची तपासणी करून पुढील मार्ग ठरतो. बदल आढळल्यास उष्णतेने, अतिशीत उपचाराने किंवा विद्युत-तारेच्या साहाय्याने तेवढा भाग नष्ट करता अथवा काढता येतो; गर्भाशय काढण्याची गरज सहसा पडत नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. हा विषाणू अनेक वर्षे सुप्त राहू शकतो. आज आलेला पॉझिटिव्ह अहवाल संसर्ग केव्हा आणि कोणाकडून झाला हे सांगत नाही. या कागदाच्या आधारे पत्नीवर वा पतीवर संशय घेतला जाऊ नये, हे दोघांनाही स्पष्ट शब्दांत सांगणे हे वैद्याचे कर्तव्यच होय.

आपले औषध आणि विषाणूचे निघून जाणे

आता आपल्या शास्त्राशी निगडित असा नाजूक मुद्दा. ‘आमच्या औषधाने एच.पी.व्ही. निगेटिव्ह झाला’ असे दावे अधूनमधून ऐकू येतात. कोलकात्याच्या चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात आपण सर्वांनी ध्यानात ठेवावा. विषाणू आढळलेल्या, परंतु तीव्र बदल नसलेल्या २८० स्त्रियांना चार गटांत विभागून हळदीतील कर्क्युमिनच्या योनिमार्गात ठेवावयाच्या कॅप्सूल, कर्क्युमिनसह आवळा, रिठा व कोरफड असलेला लेप आणि या दोहोंसारखीच दिसणारी निरौषधी द्रव्ये तीस दिवस देण्यात आली. लेपाच्या गटात ८७.७ टक्के स्त्रियांतून विषाणू नाहीसा झाला आणि हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण ठरला. कर्क्युमिनच्या गटात ८१.३ टक्के. आणि निरौषधी गटांत? ७३.३ टक्के.

हा शेवटचा आकडा आपल्याला दोन गोष्टी शिकवितो. एक, आपल्या द्रव्यांत संशोधनास योग्य असे सामर्थ्य आहे. लेपाचा परिणाम निरौषधी द्रव्याहून सरस ठरला. दोन, तुलनागट नसता तर पाण्यासारख्या निरुपद्रवी द्रव्यालाही चारांपैकी जवळजवळ तिघींच्या ‘बऱ्या होण्याचे’ श्रेय मिळाले असते. एकेका रुग्णाचा आधीचा आणि नंतरचा अहवाल शेजारी ठेवून औषधाचा गुण सिद्ध होत नाही. शिवाय विषाणू गेला म्हणजे झालेला बदलही गेला, असे नव्हे. सी.आय.एन.-३ चे निदान झालेल्या स्त्रीला ‘तीन महिने औषध घेऊन पाहू’ असे सांगणे म्हणजे ऑकलंडच्या स्त्रियांची पुनरावृत्ती करणे होय. कर्करोगावरील औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे, हे औषधालय चालकांना सांगावयास नकोच.

चिकित्सालयात आणि औषधालयात

वरील विवेचनातून व्यवहारात उतरणारे मुद्दे आम्ही थोडक्यात मांडतो.

(१) तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-रुग्णास, तिची तक्रार कोणतीही असो, ‘गर्भाशयमुखाची तपासणी कधी झाली आहे काय?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर रुग्णपत्रिकेवर नोंदवावे.

(२) समागमोत्तर रक्तस्राव, रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव, दुर्गंधी रक्तमिश्रित स्राव ही लक्षणे असल्यास एच.पी.व्ही. चाचणीत वेळ घालवू नये. चाचणी निरोगी वाटणाऱ्या स्त्रियांसाठी आहे. लक्षणे असलेल्या स्त्रीस प्रत्यक्ष तपासणी आणि आवश्यक तर बायोप्सी हवी. तिला पुष्यानुग चूर्ण किंवा अशोकारिष्ट देऊन परत पाठविणे धोक्याचे आहे. औषधालयात अशी मागणी वारंवार करणाऱ्या स्त्रीकडे चालकांनीही लक्ष द्यावे.

(३) योनिपिचू, योनिधावन, वर्ती अथवा कोणताही लेप चालू असल्यास नमुन्यापूर्वी किमान दोन दिवस थांबवावा. योनिमार्गातील औषधी द्रव्यांमुळे निकाल चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो. रजःस्रावाच्या काळात नमुना घेऊ नये.

(४) प्रयोगशाळेला तीन प्रश्न विचारावेत : चाचणी कोणती? १६ आणि १८ स्वतंत्र कळतात काय? नमुना पुरेसा होता हे तपासले जाते काय? ६ आणि ११ अशा कमी धोक्याच्या प्रकारांच्या तपासणीचा कर्करोग टाळण्यासाठी उपयोग नाही. त्यासाठी रुग्णास खर्चात पाडू नये.

(५) पॉझिटिव्ह स्त्रीचे नाव स्वतंत्र वहीत टिपावे आणि ती पुढील तपासणीस पोहोचली की नाही याची खात्री होईपर्यंत ते खोडू नये.

(६) लस घेतलेल्या स्त्रीलाही तपासणी आवश्यक आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस कर्करोगकारक प्रकारांपैकी १६ आणि १८ यांना लक्ष्य करते. इतर प्रकार उरतातच.

चाचण्यांच्या या स्पर्धेत कोणती एक सर्वश्रेष्ठ, असा निवाडा आम्ही देत नाही. पारखलेली कोणतीही चाचणी योग्य वयात एकदा झाली आणि तिच्या निकालाचा पाठपुरावा झाला, तर ती न झालेल्या उत्तमोत्तम चाचणीपेक्षा शतपटीने बरी. शंभरातील अठ्ठ्याण्णव स्त्रियांना आजवर हा प्रश्नच कोणी विचारलेला नाही. तो विचारण्यासाठी यंत्र लागत नाही, परवाना लागत नाही. आणि ज्यांच्यावर त्यांचा विश्वास आहे असे आपण त्यांच्यासमोर रोज बसलेले असतो.